थायलंडमधलं हौशी सायकलिंग: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

बँकॉकला राहायला लागल्यापासून शनिवार-रविवारची सकाळ माझी सायकलवर जाते, आणि पुण्या-मुंबईकडची मंडळी त्यावरून तेच तेच प्रश्न विचारत राहतात. कोणी चार दिवसांच्या ट्रिपला येणार असतं, कोणाची बदली इथे झालेली असते, कोणाला नुसतीच उत्सुकता. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते. जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात आलंय तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. थायलंडमध्ये लोक खरंच सायकल चालवतात का? आम्हाला तर सगळीकडे स्कूटर आणि टुकटुकच दिसली.

तुम्हाला दिसलं ते बरोबरच आहे. कामाला, बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला इथे मोटरसायकल नाहीतर गाडी. वाढलीय ती हौसेची सायकल. म्हणजे आठवडाभर ऑफिसला गाडीने किंवा ट्रेनने जाणारा माणूस रविवारी पहाटे साडेचारला उठतो, गाडीच्या मागे रॅकला सायकल अडकवतो, वीस-तीस किलोमीटर गाडी चालवत ट्रॅकवर जातो, तिथे पन्नास किलोमीटर सायकल मारतो आणि नऊच्या आत घरी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं, सायकल चालवायला गाडीने काय जायचं, पण इथले रस्ते आणि इथलं ऊन कळल्यावर त्यातलं शहाणपण पटलं. इथे सायकल वाढली ती रस्ते चांगले म्हणून नाही, तर रस्त्यापासून लांब, निवांत चालवता येईल अशा जागा मिळाल्या आणि सोबतीला माणसं मिळाली म्हणून. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतील.

२. हे वेड नेमकं कधी सुरू झालं?

सायकल इथे जुनीच आहे, गावात पुढे बास्केट लावलेली साधी सायकल घरोघरी असायची. हौशी लाट २०१० नंतरची. आधी बँकॉकच्या तरुण पोरांमध्ये रंगीबेरंगी फिक्सी (एकाच गिअरच्या, चाकाबरोबर पेडल फिरत राहणाऱ्या सायकली) आल्या, मग पैसा हातात असलेला चाळिशीचा वर्ग रोड बाईककडे, म्हणजे बारीक चाकांच्या वेगवान सायकलकडे वळला, डॉक्टरने साखर आणि कोलेस्टेरॉल सांगितलं की माणूस काहीतरी करतोच ना, आणि गुडघे दुखणाऱ्याला पळण्यापेक्षा सायकल बरी. त्यात विमानतळाभोवतीचा ट्रॅक झाला (प्रश्न ५) आणि २०१५ मध्ये तर कळसच झाला (प्रश्न ३). २०२० मध्ये करोनाने जिम बंद पडल्या तेव्हा परत एकदा उसळी आली, दुकानांत चांगल्या सायकली मिळेनात.

३. ती राजघराण्याची सायकल राईड काय होती? एवढं नाव का घेतात तिचं?

१६ ऑगस्ट २०१५, 'बाईक फॉर मॉम'. राणी सिरिकित यांच्या ८३ व्या वाढदिवसानिमित्त तेव्हाचे युवराज, म्हणजे आताचे राजे वजिरालोंगकोर्न, स्वतः सायकलवर पुढे होते आणि बँकॉकमधला रूट ४३ किलोमीटरचा होता. देशातल्या सगळ्या प्रांतांत त्याच दिवशी राईड निघाल्या, १ लाख ३६ हजारांवर लोकांची नोंद होऊन गिनीज रेकॉर्ड झालं, आधीचं तैवानचं होतं. सगळ्यांचे टीशर्ट निळे, कारण थायलंडमध्ये प्रत्येक वाराला एक रंग असतो आणि राणीचा जन्म शुक्रवारचा, शुक्रवारचा रंग निळा. त्याच वर्षी ११ डिसेंबरला राजे भूमिबोल यांच्या ८८ व्या वाढदिवसासाठी 'बाईक फॉर डॅड' झाली, २९ किलोमीटर, आणि ते सोमवारचे म्हणून सगळं शहर पिवळं. पुढे ९ डिसेंबर २०१८ ला आणखी एक मोठी राईड झाली, ३९ किलोमीटर, ती बांग काचावच्या बाजूला गेली होती (ती जागा प्रश्न ७ मध्ये).

नाव का घेतात, तर आईवडिलांसाठी आणि राजाराणीसाठी सायकल चालवायची म्हटल्यावर जे लोक आयुष्यात कधी सायकलच्या दुकानात गेले नव्हते ते गेले. साठीच्या बायका, सरकारी नोकर, शाळेची पोरं. माझ्या शेजारच्या मावशींनी, मी त्यांना 'पा' म्हणते, इथे मावशीला तसंच म्हणतात, त्यांनी त्या राईडसाठी घेतलेली सायकल अजून वापरात आहे आणि तो निळा टीशर्ट त्यांनी इस्त्री करून कपाटात ठेवलाय. सगळेच काही टिकले नाहीत, कित्येक सायकली नंतर बाल्कनीत धूळ खात पडल्या, पण जे टिकले त्यांचेच आज ग्रुप आहेत.

४. थाई भाषेत सायकलला काय म्हणतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न! सायकल म्हणजे 'चक्करयान'. चक्र आणि यान, आपलेच शब्द, संस्कृतातून गेलेले. मराठीत आपण सायकलच म्हणत राहिलो आणि थाई लोक रोज चक्रयान म्हणतात. पेडल मारण्याला 'पन' म्हणतात आणि सायकलवाल्याला 'नक पन'.

प्रकारांची नावं तर ऐकाच. माउंटन बाईक म्हणजे 'सुआ फूखाव', डोंगरातला वाघ. रोड बाईक म्हणजे 'सुआ मोप', दबा धरून बसलेला वाघ, कारण खाली वाकून हँडल धरलेला माणूस तसाच दिसतो. बास्केटवाली साधी सायकल म्हणजे 'चक्करयान मे बान', गृहिणीची सायकल. दुकानात जाऊन हे शब्द म्हणा, दुकानदाराचा चेहरा खुलतो.

५. विमानतळाभोवती सायकल ट्रॅक आहे म्हणे, तो काय प्रकार आहे?

सुवर्णभूमी विमानतळाला वळसा घालणारा २३.५ किलोमीटरचा ट्रॅक आहे. एकही सिग्नल नाही, एकही गाडी नाही, एकाच दिशेने जायचं, आणि फुकट. आधी तिथे साधा हिरवा रंग मारलेला रस्ता होता, लोक एवढे यायला लागले की विमानतळवाल्यांनी आणि एका मोठ्या बँकेने मिळून तो नीट बांधला, मग काही वर्षं सगळे त्याला स्काय लेन म्हणायचे. २०१८ मध्ये राजाने नवीन नाव दिलं, इंग्रजीत 'हॅपी अँड हेल्दी बाईक लेन' आणि थाईमध्ये 'चरोएन सुख मोंगखोन चित'. नीट ऐका, त्यात सुख आहे, मंगल आहे, चित्त आहे.

अनुभव सांगायचा तर पहाटे दिवे लावून सुरुवात करायची, डोक्यावरून विमानं उतरत असतात, एका बाजूला पाणी आणि गवत, बगळे बसलेले. डोंगर नाही, चढ नाही, पण वारा मात्र भयंकर, अर्धा ट्रॅक वारा पाठीवर असतो तेव्हा वाटतं आपण फार भारी आहोत आणि वळण घेतलं की तोच वारा छातीवर येतो आणि स्पीड धपकन पडतो. तिथे ग्रुपच्या मागे लागायचं. ओळख नसली तरी लोक मागे लागू देतात, फक्त पुढच्याच्या चाकाला चिकटू नका आणि अचानक ब्रेक मारू नका. हळू चालवायचं असेल तर डावीकडे राहायचं. नवशिक्यांसाठी आणि पोरांसाठी १.६ किलोमीटरचा छोटा वेगळा लूप पण आहे.

माझ्या मते इथल्या सायकलिंगच्या वाढीत या एका ट्रॅकचा वाटा बाकी कशाहीपेक्षा मोठा आहे. ज्या बाईला रस्त्यावर सायकल काढायची भीती वाटते ती इथे बिनधास्त पन्नास किलोमीटर मारते, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

६. मी टुरिस्ट आहे, सायकल नाही, तर त्या ट्रॅकवर जाता येईल का?

येईल. पासपोर्ट दाखवून नोंदणी करायची, मनगटात घालायचा पट्टा मिळतो, तो गेटला टेकवून आत जायचं. सायकल तिथे भाड्याने मिळते. हेल्मेट लागतंच. पायात बूट घाला, सँडल नको. वेळा अधूनमधून बदलतात आणि देखभालीसाठी ट्रॅक बंदही असतो, म्हणून आदल्या रात्री त्यांच्या पेजवर बघूनच निघा, नाहीतर एवढ्या लांब जाऊन गेटवरून परत यावं लागेल.

७. शहराजवळ पोरांना घेऊन जाण्यासारखी जागा?

बांग काचाव, डोळे झाकून. चाओ फ्राया नदीने एवढं मोठं वळण घेतलंय की मधला भाग जवळजवळ बेटच झालाय, साधारण १६ चौरस किलोमीटर, नारळ, निप्पाची (पाण्याकाठच्या एका ताडाची) झाडं, पाण्याचे चर आणि मध्ये छोटी घरं. टाइम मासिकाने २००६ मध्ये आशियातलं सगळ्यात छान शहरी ओअॅसिस म्हणून त्याचं नाव घेतलं होतं. ख्लोंग तोईच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने पलीकडे जायचं, उतरल्या उतरल्या सायकली भाड्याने. ज्यांनी कोकणातल्या वाड्यांमधून सायकल चालवलीय त्यांना घरी आल्यासारखं वाटेल, मला तरी वाटतं. शनिवार-रविवारी बांग नाम फुएंगचा बाजार असतो, तिथे खायला थांबा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. तिथल्या पायवाटा पाण्यावर उचललेल्या काँक्रीटच्या आहेत, अरुंद, आणि कित्येक ठिकाणी कठडा नाही. समोरून सायकल आली तर खाली उतरा आणि वाट द्या. लहान पोरांना तिथे एकटं पुढे सोडू नका. भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, मी एकदा न बघता घेतली होती आणि मागचा ब्रेक नावालाच होता, वळणावर कळलं.

८. आणि शहरातल्या बागांमध्ये?

चतुचकजवळचं रोत फाई पार्क सगळ्यात सोपं, आत भाड्याच्या सायकली आणि गोल रस्ता. पूर्वी तिथे रेल्वेचं गोल्फ मैदान होतं, रोत फाई म्हणजे आगगाडी. बेंचाकित्तीला तळ्याभोवती सायकलची वेगळी पट्टी आहे. लुंपिनीत मात्र पहाटे आणि संध्याकाळी पळणाऱ्यांची गर्दी म्हणून तेव्हा सायकलला बंदी, फक्त भर दुपारच्या तासांत चालते, म्हणजे आपल्या कामाची नाही.

९. मग रस्त्यावर सायकल लेन नाहीयेत का? फोटोत तर हिरव्या लेन दिसतात.

आहेत, जुन्या शहरात रत्तनकोसिनच्या बाजूला रंगवलेल्या आहेत. पण त्यात गाड्या लावलेल्या असतात, खायच्या हातगाड्या असतात, मोटरसायकली असतात, आणि मध्येच लेन संपते. हातगाडीवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण रंग मारला म्हणजे लेन झाली असं नसतं, हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. विमानतळावर ट्रॅक बांधला तिथे हजारो लोक आले, मग रस्त्यावरही वेगळी, कठडा असलेली जागा दिली तर का नाही येणार?

१०. खरं सांगा, सेफ आहे का?

बंद ट्रॅकवर आणि बागेत, हो. मोठ्या रस्त्यावर, नाही, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये. रस्ते अपघातांत थायलंडची परिस्थिती जगात वाईट देशांमध्ये मोजली जाते. २०१३ मध्ये सायकलने जगप्रवासाला निघालेलं एक ब्रिटिश जोडपं चाचोएंगसाओमध्ये पिकअप ट्रकच्या धडकेत गेलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये पाच खंड सायकलने फिरणारा चिलीचा माणूस नाखोन रात्चासिमामध्ये पिकअपने उडवला, बायको आणि लहान मूल सोबत होतं. त्याच वर्षी मे महिन्यात चियांग माईजवळ सकाळच्या ग्रुपवर दारू प्यायलेल्या चालकाने गाडी घातली, तीन जण गेले. त्या ग्रुपने काहीही चुकीचं केलं नव्हतं.

आपल्यासारखंच इथे डावीकडून चालवतात म्हणून आपली माणसं निर्धास्त होतात, तिथेच चूक होते. हायवेला कडेची पट्टी छान रुंद असते, पण त्याच पट्टीत मोटरसायकली राँग साईडने समोरून येतात. दुभाजकातल्या यू टर्नला गाड्या एकदम वळून आपल्या लेनमध्ये शिरतात. आणि शहरात गटाराच्या जाळ्या, काही जाळ्यांच्या फटी रस्त्याच्याच दिशेने असतात आणि रोड बाईकचं बारीक चाक सरळ आत जातं. माझं गेलं होतं, हनुवटीला टाके पडले. मागून येणारा अनोळखी ग्रुप सगळाच्या सगळा थांबला, एकीने जखम धुतली, एकजण दवाखान्यापर्यंत आला आणि नाव पण न सांगता गेला.

त्यामुळे एकटं जाऊ नका, ग्रुपने जा, दिवसाही मागचा लाल दिवा लावा, आणि सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला, १३ ते १५ एप्रिल, रस्त्यावर सायकल काढूच नका. पाणी उडवतात ते ठीक, पण त्या दिवसांत दारू पिऊन चालवणारे फार असतात.

११. कायदा काय म्हणतो? हेल्मेट सक्तीचं आहे का?

रस्ते वाहतुकीचा कायदा बौद्ध वर्ष २५२२ चा, म्हणजे आपल्या १९७९ चा (इथल्या सालातून ५४३ वजा करायचे). सायकलला घंटी, ब्रेक, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर पाहिजे. सायकल लेन असेल तर तीच वापरायची, नसेल तर डाव्या कडेने. दोनपेक्षा जास्त सायकली शेजारी-शेजारी नको. डबलसीट नको. एक्सप्रेसवेवर तर बंदीच. हेल्मेटची सक्ती कायद्यात सायकलला नाही, पण ट्रॅकवर आणि कुठल्याही इव्हेंटला हेल्मेटशिवाय सोडत नाहीत. तुम्ही सगळीकडेच घाला, कारण प्रश्न १०.

१२. डोंगर चढायचाय, कुठे जाऊ?

चियांग माई. दोय सुथेपचा घाट प्राणिसंग्रहालयापासून देवळापर्यंत साधारण ११ किलोमीटर, रस्ता चांगला, सकाळी स्थानिक लोक नेमाने चढतात, त्यात सत्तरीचे आजोबाही. सिंहगड नियमित मारणाऱ्यांना जमेल. दोय इंथानोन मात्र वेगळंच प्रकरण, २५६५ मीटर, थायलंडचं सगळ्यात उंच शिखर (आपलं कळसूबाई १६४६ आहे, त्यावरून अंदाज घ्या), चोम थोंगहून चाळीसहून जास्त किलोमीटर चढत राहायचं आणि शेवटचे चढ सगळ्यात तीव्र, नेमके पाय संपलेले असताना. वर थंडी असते, उतरताना अंगात जाकीट हवंच, लोक हेच विसरतात आणि कुडकुडत ब्रेक धरून खाली येतात.

१३. सायकलच्या कपड्यांत देवळात जाता येतं का? रूटवर तर सगळीकडे देवळं आहेत.

आवारात पाणी प्यायला, सावलीत बसायला कोणी अडवत नाही, उलट भिक्खूच पाणी देतात. आत दर्शनाला जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टाईट शॉर्ट्सवर नाही. मी जर्सीच्या मागच्या खिशात एक पातळ सरोंग घडी करून ठेवते. बूट बाहेर, हे आपल्याला सांगायला नको.

१४. कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिल-मे भाजून काढतं. पावसाळ्यात मे ते ऑक्टोबर सकाळ बऱ्याचदा कोरडी असते आणि पाऊस दुपारनंतर येतो, त्यामुळे पहाटेची राईड जमते. चियांग माईला अपवाद करा, तिकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, धूर इतका की शहर जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या यादीत वर जातं. तेव्हा दोय सुथेप खालून दिसतसुद्धा नाही, चढायचं लांबच. बँकॉकलाही जानेवारी-फेब्रुवारीत काही दिवस हवा खराब असते, पीएम २.५ (हवेतल्या बारीक धुळीचं माप) बघून निघा.

१५. ते लोक उन्हाळ्यातही अंगभर कपडे आणि तोंड झाकून का चालवतात?

ऊन. बाह्यांवर स्लीव्ह, नाकापर्यंत कापड, फक्त चष्मा दिसतो. गोरं राहायची हौस हे एक कारण आहेच, पण नुसतं तेवढंच नाही, दोन तास उघड्या हातांनी चालवून बघा म्हणजे कळेल. पातळ आणि भिजवलेलं कापड उलट गार ठेवतं.

१६. 'ट्रिप' म्हणतात ते काय असतं?

प्रांतातल्या राईडना इथे ट्रिपच म्हणतात. शाळेला पंखे, देवळाचं छप्पर, दवाखान्याला एखादं मशीन, असं काहीतरी कारण असतं आणि त्यासाठी राईड काढतात. फी भरली की जर्सी, मेडल आणि जेवण, जास्त देणगी दिली की ट्रॉफी. वयाचे गट असतात, पण पहिलं येण्याची घाई थोड्याच लोकांना.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते गावातल्या बायकांचं खाणं. दर काही किलोमीटरला मांडव, त्यात कलिंगड, केळी, केळीच्या पानातला चिकट भात, बर्फाचं पाणी, आणि पोरं रस्त्याकडेला उभी राहून ओरडत असतात. वारीत वाटेवरची गावं कशी वारकऱ्यांना खाऊ घालतात, तो मायेचा भाव मला तिथे दिसतो. शेवटचा माणूस येईपर्यंत मांडव काढत नाहीत. मी कित्येकदा शेवटच्या दहांत असते आणि दरवेळी कोणीतरी पाणी घेऊन उभं असतंच.

१७. शाकाहारी आहे, राईडला काय खाऊ?

शब्द पाठ करा, 'मांगसविरत'. हा आपला मांस-विरतच. पण त्यात अंडं चालतं, आणि फिश सॉस वगळायचं वेगळं सांगावं लागतं. त्याहून पक्कं म्हणजे 'जे', लाल किंवा पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं, त्यात अंडं-दूध-लसूण-कांदा काहीच नसतं, जैन मंडळींनाही सोयीचं (कंदमुळं मात्र विचारून घ्या). बाकी सेव्हन इलेव्हन दर कोपऱ्यावर आहे, एक-एक सुटं केळं, भाजलेलं रताळं, सोया मिल्क, मिठाचं पाणी, गार हवा. सगळ्या ग्रुपचा थांबा तिथेच असतो.

१८. बायकांना एकटीने ग्रुपमध्ये जायला ठीक आहे का?

हो, आणि मनापासून हो. ग्रुपमध्ये बायका भरपूर असतात, पुढे ओढणाऱ्याही. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये महिलांच्या रोड रेसचं सुवर्ण थायलंडच्या जुतातिप मनीफानने जिंकलं, इथल्या पोरींना ते चांगलं ठाऊक आहे.

१९. ट्रेनमध्ये सायकल नेता येते का?

फोल्डिंग असेल तर बँकॉकच्या स्कायट्रेन आणि मेट्रोत चालते, घडी घालून. पूर्ण सायकल नाही. लांबच्या सरकारी रेल्वेत सामानाचा डबा असलेल्या गाडीत वेगळं भाडं भरून जाते, पण प्रत्येक गाडीला तो डबा नसतो, स्टेशनवर आधी विचारा.

२०. आम्ही ब्रेवे करतो, तिकडे काही आहे का?

(ब्रेवे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, त्यालाच ऑडॅक्स पण म्हणतात.) आहे, थायलंडमध्येही ऑडॅक्स चालतं आणि वेळा त्याच, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. घाट नसलेला रूट बघून सोपं समजू नका, सकाळी दहानंतरचं ऊन हाच इथला घाट. मिठाचं पाणी दुप्पट धरा आणि रात्रीच्या हायवेसाठी प्रश्न १० परत वाचा.

२१. कुत्रे मागे लागतात का?

लागतात, गल्लीतले आणि देवळातले. बहुतेक वेळा खाली उतरून सायकल मध्ये धरून चालत गेलं की गप्प बसतात. जोरात पळवायला जाऊ नका. चावलाच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या, परत भारतात जाऊन बघू असं अजिबात करू नका, इथे रेबीज आहे.